रानवाटेचा छंद आणि मोटारीची धाव

छंदाचा हिशेब मागूं नये, असा एक संकेत सुशिक्षित समाजांत रूढ आहे. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी पक्षी पाहतो, कोणी जुनीं नाणीं घासूनपुसून कपाटांत मांडतो. त्यास 'यांत तुझा पैसा किती गेला आणि वेळ किती गेला?' असें विचारणारा मनुष्य अरसिक समजला जातो. हा संकेत आम्हांसहि मान्य आहे. परंतु त्यास एक मर्यादा आहे. छंद जोंपर्यंत 'मला यांत गोडी वाटते' एवढेंच म्हणतो, तोंपर्यंत त्याच्या वाटेस कोणीं जाऊं नये. पण तोच छंद जेव्हां 'मी निसर्गाचा भक्त आहें, मी माणसांस घराबाहेर काढतों, मी मुलांस चालावयास लावतों' असें सांगूं लागतो, तेव्हां त्याच्या चोपड्या तपासण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यासहि प्राप्त होतो. जिओकॅशिंग नांवाच्या छंदासंबंधानें आम्ही आज हा अधिकार बजावणार आहों.

हा छंद मूळचा अमेरिकेचा, आणि आजहि त्याचा मोठा संसार तेथेंच आहे. ज्या वाचकांचीं मुलेंबाळें नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालीं आहेत, त्यांच्या कानांवर हें नांव नातवंडांच्या तोंडून आलेंहि असेल. ज्यांस तें नवीन आहे त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. एकानें झाकणाचा एखादा डबा घ्यावा, त्यांत सह्या करण्यासाठीं एक छोटी वही आणि मुलांस आवडतील अशा चार किरकोळ वस्तू ठेवाव्या, आणि तो झाडाच्या ढोलींत, दगडाच्या कपारींत किंवा एखाद्या पुलाखालीं लपवावा. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करावे. दुसऱ्यानें ते आपल्या जीपीएस यंत्रांत किंवा मोबाइलमध्यें घालून ती जागा गांठावी, डबा हुडकावा, वहींत नांव व तारीख लिहावी, आणि डबा होता तसा ठेवून परत यावें. घरीं आल्यावर संकेतस्थळावर आपल्या नांवापुढील आंकडा एकानें वाढवावा. खेळ एवढाच. उपग्रहांच्या साहाय्यानें लपंडाव खेळण्याची ही कल्पना चतुर आहे, आणि ती प्रथम ज्याच्या डोक्यांत आली त्याचें कौतुक करण्यास आमची मुळींच ना नाहीं.

२००० सालच्या मे महिन्याच्या प्रारंभीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें, जीपीएसच्या नागरी संदेशांत लष्करी कारणासाठीं मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकण्यांत आली. सामान्य माणसाच्या हातांतलें जें यंत्र शंभर-एक मीटरांनीं चुकत असे, तें एका रात्रींत दहा-वीस मीटरांवर आलें. लगेच ३ मे रोजीं डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें ऑरेगन राज्यांत पोर्टलंडजवळील बीव्हरक्रीक येथें एक काळी बादली ठेवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. बादलींत पुस्तकें होतीं, एक गलोल होती आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा होता. दोन-तीन दिवसांतच ती लोकांस सांपडली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत जेरेमी आयरिश यांनीं या खेळाचें संकेतस्थळ सुरू केलें, तेव्हां त्यावर सगळे मिळून पाऊणशें डबे होते. आज जगभरांतील डब्यांची संख्या तीस लाखांच्या वर आहे. उल्मरची ती बादली रस्त्याच्या कडेलाच होती, ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल म्हणून वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

या छंदाचे अभिमानी आपल्या कुळाचा पूर्वज म्हणून इंग्लंडांतलें एक उदाहरण नेहमी पुढें करतात. डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचा विस्तीर्ण ओसाड माळ आहे, आणि त्या माळाच्या पोटांत क्रॅनमियर पूल नांवाची एक दलदलीची जागा आहे. १८५४ सालीं चॅगफर्ड गांवचा वाटाड्या जेम्स पेरट यानें तेथें एक बाटली ठेविली. जो कोणी चिखल तुडवीत तेथवर पोंचेल त्यानें तींत आपल्या नांवाचें कार्ड टाकावें, असा प्रघात पडला. पुढें बाटलीची पेटी झाली, पेटींत वही आणि शिक्का आला, आणि त्या माळावर अशा पेट्या शोधीत हिंडणें हा अनेकांचा छंद होऊन बसला. आतां त्या बाटलींत काय होतें? कांहीं नाहीं. तिचें सर्व मोल तेथवर जाण्याच्या वाटेंत होतें. धुकें, वारा, गुडघाभर चिखल आणि बरोबरच्या वाटाड्याच्या गप्पा हाच तो ठेवा. बाटली ही नुसती पोंचपावती. पूर्वजाचें नांव सांगावयाचें असेल तर त्याची चालहि सांगावी लागेल.

वंशजाची चाल पाहूं. या छंदांत तीन क्षेत्रें मोठीं मानलीं आहेत. एक, बीव्हरक्रीक येथें पहिल्या बादलीच्या जागीं २००३ सालीं बसविलेला स्मृतिफलक. दुसरें, सिॲटल शहरांतील या संकेतस्थळाची कचेरी. आणि तिसरें, त्याच वॉशिंग्टन राज्यांत स्नोक्वॉल्मी खिंडीजवळच्या जुन्या रेल्वे-बोगद्याशीं असलेला, २००१ च्या एका चित्रपटाच्या जाहिरातीनिमित्त ठेवलेल्या मोजक्या डब्यांपैकीं एक डबा. हीं तिन्ही एका दिवसांत 'करणें' ही मोठी कृतार्थता समजली जाते. बीव्हरक्रीकहून सिॲटल सुमारें तीनशें किलोमीटर, आणि सिॲटलहून खिंड आणखी नव्वद-एक. पोर्टलंडचा मनुष्य तिन्ही करून रात्रीं घरीं परतला तर मोटारीचा काटा सातशें किलोमीटरांच्या पुढें गेलेला असतो. आमच्याकडचा मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग टोंकापासून टोंकापर्यंत ७०१ किलोमीटर आहे. म्हणजे ही 'रानांतली सहल' त्या सबंध महामार्गाएवढी झाली. तींत पायांच्या वांट्यास काय आलें? फलक रस्त्याशेजारीं, कचेरी शहरांत. बोगद्यापाशीं मात्र थोडें चालावें लागतें, आणि त्या अंधारांतून विजेरी घेऊन जाण्यांत मौज आहे हें आम्ही आनंदानें कबूल करतों. तेवढी चाल वजा केली तर बाकी सर्व दिवस मनुष्य पट्टा बांधून एकाच आसनावर बसलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबानें तेथील सर्वसाधारण मोटार मैलामागें सुमारें ४०० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड सोडते. सातशें किलोमीटरांचा पावणेदोनशें किलो झाला. तीन सह्या, पावणेदोनशें किलो.

हें वर्षांतून एकदां घडणारें तीर्थाटन आहे, रोजचा व्यवहार निराळा, असें कोणी म्हणेल. तर रोजचा व्यवहार पाहूं. या छंदांत निरनिराळीं 'आव्हानें' असतात. तीं पुरीं केल्याशिवाय कांहीं डब्यांवर हक्क सांगतां येत नाहीं. त्यांतलें एक प्रसिद्ध आव्हान असें कीं, आपल्या राज्याचा डिलॉर्म कंपनीनें छापलेला नकाशांचा ग्रंथ घ्यावा, आणि त्याच्या प्रत्येक पानांत जो मुलूख येतो त्यांत निदान एक तरी डबा शोधावा. हा ग्रंथ मोटारीनें हिंडणाऱ्यांच्या उपयोगाचा असतो. म्हणजे रस्त्यांच्या नकाशाचें पान न् पान मोटारीनें भरून काढावयाचें, आणि त्यास निसर्गप्रेम म्हणावयाचें! दुसरें आव्हान राज्याच्या सर्व काउंट्यांचें. कॅलिफोर्नियांत त्या ५८ आहेत, टेक्ससमध्यें २५४. टेक्ससच्या दोनशें चोपन्न काउंट्या पायीं फिरूं म्हणणारा साधु अद्याप जन्मास यावयाचा आहे. तिसरें आव्हान याहून नाजूक: २००० च्या मे महिन्यापासून आजपर्यंतच्या प्रत्येक महिन्यांत लपविलेला एकेक डबा आपल्या नांवावर असावा. पहिल्या कांहीं महिन्यांचे डबे आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि तेहि देशभर विखुरलेले. त्यांतला कॅन्सस राज्यांत मिंगो येथें ११ मे २००० रोजीं ठेवलेला डबा फार प्रख्यात. तो जागा निवडून बसविला गेला तो थेट आंतरराज्य महामार्गाच्या फाट्याशीं. माणसें शेंकडों किलोमीटर मोटार हांकीत यावींत, फाट्यावर उतरावींत, सही करावी, आणि पुन्हां महामार्गास लागावें. कॅन्ससचें गवताळ पठार, त्यावरचें आभाळ, तेथला वारा यांपैकीं कशाचीहि नोंद त्या सहींत नसते.

परंतु या विद्येचा कळस पाहावयाचा तर नेवाडांत गेलें पाहिजे. त्या राज्यांत क्रिस्टल स्प्रिंग्ज आणि वॉर्म स्प्रिंग्ज यांच्या दरम्यान ३७५ क्रमांकाचा, सुमारें १५८ किलोमीटर लांबीचा एक वाळवंटी रस्ता आहे. उडत्या तबकड्यांच्या वावड्या या भागांत फार, म्हणून १९९६ सालीं सरकारनेंच त्यास 'परग्रहवासीयांचा महामार्ग' असें नांव दिलें. सबंध रस्त्यावर वस्तीचें गांव एकच, रेचेल. तेंहि पन्नास-साठ माणसांचें. आतां खेळाचा एक नियम असा कीं, दोन डब्यांत निदान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा हिस्सा, अंतर असावें. हा नियम डब्यांची गर्दी होऊं नये म्हणून केलेला. छंदिष्टांनीं तोच मापाचा दोर मानला, आणि २०१० च्या सुमारास या रस्त्याच्या कडेनें दर १६१ मीटरांवर एक याप्रमाणें हजाराच्या आसपास डब्या मांडल्या. यास ते 'पॉवर ट्रेल' म्हणतात. ट्रेल म्हणजे पाऊलवाट. या पाऊलवाटेवर पाऊल तेवढें पडत नाहीं.

तेथें खेळ कसा चालतो तें ऐकण्यासारखें आहे. एकानें मोटार हांकावयाची. दुसऱ्यानें दार उघडून उडी मारावयाची, दगडांच्या लहानशा ढिगाखालची डबी उचलावयाची, मागच्या ठिकाणाहून आणलेली डबी तिच्या जागीं ठेवावयाची, आणि परत गाडींत शिरावयाचें. पुढच्या दीडशें मीटरांत, गाडी चालू असतांच, उचललेल्या डबींतील कागदावर नांवाचा शिक्का उमटवावयाचा. मग ती डबी पुढच्या ढिगाखालीं. अशा रीतीनें प्रत्येक डबी एकेक घर पुढें सरकत जाते, आणि कोणती डबी कोणत्या जागेची या प्रश्नास अर्थच उरत नाहीं. चोवीस तासांत हजारावर डब्या 'सांपडल्या' असें अभिमानानें सांगणाऱ्या टोळ्या झाल्या आहेत. भागाकार करून पाहिला तर दर डबीस शहाऐंशी सेकंद पडतात. त्यांतच उडी, वांकणें, अदलाबदल, धांव, दार लावणें आणि दीडशें मीटर मोटार. वाळवंट यांतल्या कोणत्या सेकंदांत पाहावयाचें? हजार वेळां थांबलेली आणि हजार वेळां सुटलेली ती मोटार किती पेट्रोल पिते, हा प्रश्न तर विचारणेंच असभ्यपणाचें. शिवाय लास व्हेगसहून या रस्त्याचें जवळचें टोंकच सुमारें पावणेदोनशें किलोमीटर आहे. आणि तेथवर येणारे सगळेच लास व्हेगसचे नसतात, देशाच्या दुसऱ्या टोंकाहून आणि युरोपांतूनहि येतात. वाहतुकीस धोका होतो म्हणून २०११ मध्यें नेवाडाच्या रस्तेखात्यानें या डब्या काढावयास लावल्या. पुढें त्या पुन्हां मांडल्या गेल्या. रस्तेखात्यास धोका दिसला तो मोटारींच्या टकरीचा. छंदाच्या गाभ्यास झालेला अपघात पाहणें हें त्याचें काम नव्हे, तें छंदिष्टांचें काम होतें.

शहरांतला प्रकार याहून लहान, पण जातीनें तोच. तेथील प्रचंड दुकानांपुढें मोटारी उभ्या करण्याचीं जीं डांबरी मैदानें असतात, त्यांतल्या दिव्याच्या खांबांच्या बुडाशीं पत्र्याचें एक आवरण असतें. तें उचललें कीं खालीं डबी! अशा डब्या किती आहेत याची गणती नाहीं. मोटार खांबाशीं लावावी, काच खालीं करावी, हात बाहेर काढावा, एवढ्यावर काम भागतें अशाहि जागा आहेत, आणि त्यांस या छंदांत खास नांवें आहेत. आणि नवीन डबा जाहीर झाल्याची वर्दी मोबाइलवर आली कीं 'पहिला शोधणारा मीच' या मानासाठीं ताटावरून उठून, रात्रीं अपरात्रीं मोटार काढणारी मंडळी निराळीच. डबा उद्यां सकाळींहि तेथेंच असणार आहे. पण उद्यां सकाळीं पहिला क्रमांक तेथें नसणार.

या सर्वांचें मूळ मोटारींत आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मोटार बिचारी जिकडे हांकाल तिकडे जाते. उल्मरची बादलीहि रस्त्याच्या कडेलाच होती, पण ती एक होती. तिच्यापासून पुढें शंभरावी आणि हजारावी मोजण्याची सोय तेव्हां नव्हती. मूळ आहे तें मोजण्यांत. या खेळाची खतावणी एकच आंकडा ओळखते: सांपडले किती. दिवसभर चढून डोंगरमाथ्यावर शोधलेला डबा एक, आणि दिव्याच्या खांबाखालचा डबाहि एक. मग शहाणा मनुष्य कोणता निवडील? माणूस ज्याची गणती होते तें वाढवितो, आणि ज्याची गणती होत नाहीं तें डोळ्याआड करतो. सांपडलेल्या डब्यांचा आंकडा नांवाशेजारीं झळकतो. तो वाढविण्यास किती किलोमीटर मोटार फिरली याचा आंकडा कोठेंच नाहीं, म्हणून त्याची लाज नाहीं. उलट 'एका शनिवारीं सहाशें किलोमीटर हांकून चाळीस डबे केले' हें वाक्य शौर्यकथेसारखें सांगितलें जातें. क्रियापदहि लक्षांत घ्यावें: डबे 'केले'. आमच्याकडे घाईचे यात्रेकरू चार धाम 'करतात', तसेंच हें.

यावर उत्तरें दिलीं जातात तीं आम्हांस ठाऊक आहेत. पहिलें उत्तर असें कीं, अमेरिकेंत मोटारीवांचून चालतच नाहीं; उपनगरांत पायवाट नाहीं, बस नाहीं, दूध आणावयासहि मोटार लागते. हें खरें आहे, आणि त्याबद्दल छंदिष्टांस दोष देणें अन्यायाचें होईल. पण दुधासाठीं मोटार लागते म्हणून नकाशाच्या पानापानासाठींहि ती लागते असें सिद्ध होत नाहीं. जेथें बस नाहीं तेथें घरापासून पांच किलोमीटरांच्या आंत डबे नाहींत असें तर नाहीं ना? तीस लाख डब्यांच्या जगांत दाराशेजारचे डबे संपले म्हणून दूर जावें लागतें, असें सांगतात. आणि ते संपतात कां, तर प्रत्येक डबा एकदांच मोजला जातो म्हणून. एकाच डबीकडे वसंतांत आणि हिमांत दोनदां चालत गेलें तर खतावणींत दुसरी भेट शून्य. पुन्हां मोजणीच!

दुसरें उत्तर वृद्धांचें आणि अपंगांचें. याचें वजन आम्ही पूर्णपणें मानतों. या खेळांत प्रत्येक डब्यास वाटेच्या कष्टाचा एक ते पांच असा आंकडा दिलेला असतो, आणि एक हा आंकडा चाकांच्या खुर्चींतून जातां येईल अशा जागेसाठीं राखलेला आहे. ही योजना उदार आहे. ती ज्यानें केली त्यास आमचा नमस्कार. पण नेवाडाच्या रस्त्यावर चोवीस तासांत हजार वेळां मोटारींतून उडी मारणारा तरुण त्या खुर्चीच्या आड लपूं लागला, तर त्यास खुर्चीवाल्यानेंच बाहेर काढावें.

तिसरें उत्तर खेड्यांच्या मिळकतीचें. ओसाड मुलखांतल्या खाणावळी आणि पेट्रोलपंप या पाहुण्यांवर चालतात, आणि रेचेलसारख्या गांवास त्यांचा आधार आहे, हें खोटें नाहीं. परंतु जो पाहुणा शहाऐंशी सेकंदांच्या हिशेबानें पळतो, तो खाणावळींत बसतो किती? गांवास टिकणारा पैसा रमतगमत चालणाऱ्याकडून मिळतो. त्यास भूक लागते आणि रात्रीं निजावयास जागा लागते. विजेच्या मोटारीचें नांव घेणाऱ्यांसहि एवढेंच सांगतों कीं, तिनें धूर कमी होईल ही चांगली गोष्ट आहे, पण डबीची आणि पायांची गांठ तिच्यानें पडणार नाहीं.

आणखी एक विनोद येथें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. या छंदाच्या संघटनेनें २००२ पासून एक चांगली चळवळ चालविली आहे: डबे शोधावयास जातांना रानांतला कचरा गोळा करून आणावा. ठरलेल्या दिवशीं माणसें जमतात आणि पिशव्या भरभरून बाटल्या, प्लास्टिक, गंजके पत्रे उचलतात. काम पुण्याचें आहे. पण तेथें जमण्यासाठीं प्रत्येकानें मोटारीच्या धुरांड्यांतून जो कचरा आभाळांत सोडला, तो उचलावयास पिशवी मिळत नाहीं.

मग हा छंद टाकावा काय? मुळींच नाहीं, आणि सुधारणेचीं उदाहरणें याच खेळांत पडलेलीं आहेत. इंग्लंडांत रेल्वे-स्टेशनांजवळ मुद्दाम लपविलेल्या डब्यांची एक मालिकाच आहे; आगगाडीनें जावें, उतरावें, शोधावें, आणि पुढच्या गाडीनें पुढें जावें. त्याच देशांत शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पाऊलवाटांवर दहा-बारा किलोमीटरांचीं वर्तुळें आंखून त्यांवर डबे ठेवण्याची चाल आहे. मोटारीनें गेलें तरी ती एकदांच उभी करावयाची आणि दिवसभर चालावयाचें. २००४ पासून अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र-परिषदेच्या सहकार्यानें 'अर्थकॅश' नांवाचा प्रकार निघाला आहे. त्यांत डबाच नाहीं. एखाद्या खडकापुढें उभें राहून त्याचे थर कसे पडले, नदीनें तो कसा कापला, हें पाहून प्रश्नांचीं उत्तरें लिहावयाचीं. तेथें शहाऐंशी सेकंदांत कांहीं होत नाहीं, हाच त्याचा गुण. म्हणजे खेळांत गुण नाहीं असें नाहीं. गुणांस त्या खतावणींत भाव नाहीं.

ही गोष्ट आमच्या घरापासून दूरची आहे असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. जिओकॅशिंग सह्याद्रींत फारसें रुजलें नसलें तरी त्याचें सख्खें भावंड येथें वाढत आहे. 'माझे दीडशें किल्ले झाले', 'या जोडसुट्टींत पांच किल्ले मारले' हीं वाक्यें कोणाच्या कानांवर आलीं नाहींत? पावसाळ्याच्या रविवारीं सिंहगडाच्या घाटांत मोटारींची जी रांग लागते, ती पाहून पायथ्यापासून पायवाटेनें चढणारा मनुष्य मुकाट्यानें बाजूस होतो. गडावर येण्याचें सामर्थ्य ज्यांत नाहीं त्यांनीं मोटारीनें यावें. पण ज्यांच्या पायांत बळ आहे आणि हातांत किल्ल्यांची यादी आहे, त्यांनीं यादींतल्या प्रत्येक नांवापुढें मोटारीचे किलोमीटर आणि पायांचे किलोमीटर असे दोन रकाने घालून पाहावे. अमेरिकेंतल्या छंदिष्टांकडे आमचें मागणें नेमकें हेंच आहे, आणि तें त्यांच्याकडे मागतांना येथल्यांस सूट द्यावयाची हें आम्हांस शोभणार नाहीं.

तें मागणें असें. हा खेळ चालविणाऱ्या कंपनीनें प्रत्येक सहीबरोबर दोन आंकडे लिहिण्याची सोय करावी: या डब्यासाठीं वाहनांतून किती आलों आणि पायीं किती आलों. सक्ती नको, तपासणी नको. खेळाडू आपल्या शब्दावर सांगतील तें धरावें, कारण डबा सांपडल्याचेंहि आज बऱ्याच अंशीं शब्दावरच धरलें जातें. वर्षाच्या शेवटीं ज्या याद्या छापल्या जातात त्यांत 'सर्वांत अधिक डबे' याच्या शेजारीं 'डब्यामागें सर्वांत अधिक चाल' अशी दुसरी यादी यावी. एकाच डब्यास निराळ्या ऋतूंत दिलेली दुसरी भेट मोजावी. आणि जवळचें बसस्थानक किंवा रेल्वे-स्टेशन कोणतें व तेथून किती चालावें लागतें, हें डबा लपविणाऱ्यानेंच लिहावें. याला यंत्रविद्येची कांहीं अडचण नाहीं. ज्या मोबाइलांत अक्षांश-रेखांश दहा-पांच मीटरांपर्यंत बरोबर सांपडतात, त्यास मनुष्य चालत होता कीं ताशीं शंभर किलोमीटरांनीं धांवत होता हें सांगतां येतें. प्रत्येक डब्याच्या पानावर शोधण्याच्या कठीणपणाचा आंकडा आज आहेच, आणि त्याला लागून वाटेच्या कष्टाचा आंकडाहि आहे. तिसऱ्या आणि चवथ्या आंकड्यास त्याच ओळींत पुष्कळ जागा मोकळी आहे.